एका आजीला एकच खेळणं

३ नोव्हेंबर

विहीणबाई, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण माझं फोनवरचं बोलणं तुम्हाला माहीत आहे. मागच्या वेळी तुम्ही फोन कानापासून हातभर लांब धरला होतात, हे मला सूनबाईकडून कळलं. राग नाही हो! इतकी वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवतेय. एका बाजूला वेल्डिंगवाला, समोर पत्रे कापणारा. इथे हळू बोलणाऱ्याला चार खिळेसुद्धा मिळत नाहीत. आवाज एकदा वाढला तो वाढलाच, आता कमी करायचं बटण सापडत नाही.

मुद्द्याचं बोलते, कारण गिऱ्हाईक उभं आहे आणि त्याला कुठला स्क्रू हवाय ते त्याचं त्यालाच कळेना झालंय. वर्षअखेरच्या सुट्टीत मी तिकडे यायचं ठरवलंय. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पाय आता बरा चालतो, दुकान भाचा सांभाळेल. आमच्या चिरंजीवांनी मात्र आधीच फर्मान काढलंय. घरात पाय ठेवायला जागा उरलेली नाही, तेव्हा एका आजीला एकच खेळणं आणायची परवानगी. एक म्हणजे एक. म्हणजे मला एकच संधी, आणि ती मला वाया घालवायची नाही.

का, ते तुम्हाला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. आपल्या नातीला, भिंगरीला, मी हातात घेतलं ते ती महिन्याची असताना. आता दीड वर्षाची झाली. दर रविवारी ती मला फोनच्या पडद्यावर भेटते. मी म्हणते, "काय गं माझी राणी!" आणि राणीचा खालचा ओठ बाहेर येतो, हनुवटी थरथरते आणि मग जो सूर लागतो तो लागतोच. गेल्या रविवारी तर मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. नुसती दिसले, तेवढ्यावर रडली. चिरंजीव म्हणाले, "आई, झोप आली असेल तिला." सकाळचे दहा वाजले होते!

मला फार काही नको. तिने माझ्या मांडीवर येऊन बसावं, आपणहून, न रडता. एवढ्यासाठी मी येतेय.

काल खेळण्यांच्या दुकानात जाऊन आले. काय तो प्रकार! एक कुत्रा आपला आपणच भुंकत होता, एक बदक आपलं आपणच गात होतं, एक बाहुली रडत होती आणि तिला गप्प कसं करायचं ते विकणाऱ्या पोरीलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, रडणारी मला आणखी एक कशाला, आमच्याकडे आहे एक. शेवटी भोंगा वाजवणारी आगीच्या बंबाची गाडी हातात घेतली, किंमत बघून नाही पण माझ्या आवाजाचा विचार करून खाली ठेवली. घरात दोन भोंगे नकोत.

तुम्ही पंचवीस वर्षं पाळणाघर चालवलंत. तुमच्या हाताखालून किती मुलं गेली असतील! मला बिजागऱ्या कळतात, मुलं कळत नाहीत. सांगा, काय आणू?

तुमची विहीण


९ नोव्हेंबर

प्रिय विहीणबाई,

पत्र मिळालं. वाचताना तुमचा आवाज ऐकू आला, पण आल्हाददायक अंतरावरून.

भिंगरी मजेत आहे. लेक आणि जावईबापू सकाळी कामावर जाताना तिला माझ्याकडे सोडतात आणि संध्याकाळी घेऊन जातात. दिवसभर माझी पाठ सोडत नाही. मी स्वयंपाकघरात गेले की तिथे, कपडे घड्या करायला बसले की त्या घड्यांवर. मध्यंतरी जरा सर्दी झाली होती, तर दोन दिवस कडेवरून खाली उतरायला तयार नव्हती. सवय झालीये ना तिला माझी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, लांबच्या माणसांना मुलं बुजतातच.

आता खेळण्याचं. अनुभवाने सांगते, या वयाला बॅटरीचं काही आणू नका. जे खेळणं सगळं आपलं आपणच करतं, त्याच्याकडे मूल दोन मिनिटं बघतं आणि मग त्याच्या खोक्याशी खेळायला लागतं. मुलाला स्वतः काहीतरी करता आलं पाहिजे. उघडायचं, मिटायचं, भरायचं, ओतायचं, ढकलायचं. तोंडात मावेल एवढा सुटा तुकडा नको. लांब दोरी नको. टोकदार कडा नको. निघेल असा रंग नको. डोळे चिकटवलेली बाहुली नको, डोळे दुसऱ्या दिवशी तोंडात जातात. माझ्या पाळणाघरात एका पालकांनी मोठ्या हौसेने झुकझुक गाडी आणून दिली होती. तिची सगळी चाकं एका आठवड्यात गायब झाली. ती कुठे गेली ते विचारू नका, पण सगळी परत मिळाली.

माझं ठरलंय. एका सुतारकाम करणाऱ्या बाईंकडून लाकडी ठोकळे करून घेतलेत, गुळगुळीत, बिनरंगाचे. साधं, टिकाऊ, विचारपूर्वक. तुमच्यासाठी मी कापडी पुस्तक सुचवीन. मऊ असतं, धुता येतं.

आणि एक, तुम्ही ते आधी पाठवून द्या. अनोळखी माणसाने अनोळखी वस्तू पुढे केली की मूल दोन्हींना घाबरतं. वस्तू आधी ओळखीची झाली तर माणूस निम्मं ओळखीचं होतं. माझ्या पत्त्यावर पाठवा, मी दाखवीन तिला आणि कसं वाटलं ते कळवीन.

गुडघ्याला जपा.

तुमची विहीण


१८ नोव्हेंबर

विहीणबाई,

अहो, तुम्ही काय लिहून बसलात ते तुम्हाला कळलंय का? "उघडायचं, मिटायचं, ढकलायचं." मी हे वाक्य गल्ल्यावर उभ्या उभ्या वाचलं आणि मान वर केली. समोर माझं सगळं दुकान! मी आयुष्यभर दुसरं काय विकलं?

कापडी पुस्तकाला मारा गोळी. फळी केलीये मी. तुमच्या ओट्याच्या निम्म्या लांबीची असेल, सागाची. त्यावर एक कडी आणि कोयंडा, एक बिजागरीचं छोटं दार, एक दिव्याचं बटण (तार नाही, नुसतं टकटक), एक खुर्चीखालचं चाक गरगर फिरवायला, आणि एक दाराला असते तशी आडवी सरकती कडी, पितळेची. दुकानातली सगळ्यात चांगली, गिऱ्हाइकालासुद्धा मी ती सहजासहजी दाखवत नाही. तुमचे सगळे नियम पाळलेत. सुटं काही नाही. स्क्रू मागून मारून वर दुसरी फळी ठोकलीये, आता ते काढायला भूकंप लागेल. बोट सापडेल अशी फट ठेवली नाही. कडा घासून घासून अशा केल्यात की गालावर फिरवून बघितल्या. रंग नाही, दोरी नाही, डोळे नाहीत.

भाचा म्हणतो, "मावशी, हे खेळणं आहे का दुकानाची जाहिरात?" त्याला मोजमापाची टेप फेकून मारली.

दुसरं म्हणजे मी हळू बोलायचा सराव सुरू केलाय. परवा एका गिऱ्हाइकाला अगदी मऊ आवाजात विचारलं, "काय हवंय तुम्हाला?" तर तो घाबरून म्हणाला, "काकू, घरी सगळं बरं आहे ना?" वेल्डिंगवाला चौकशी करून गेला. आमच्या गल्लीत मी हळू बोलले की माणसं शोकसभेला आल्यासारखी उभी राहतात. तरी सोडणार नाही.

फळी आज पाठवतेय. मुलीला दाखवा आणि खरं खरं कळवा. आवडली की मला धीर येईल. तिकीट चोवीस डिसेंबरचं काढलंय.

तुमची विहीण


२९ नोव्हेंबर

प्रिय विहीणबाई,

फळी पोचली. पोस्टमनने ती दारात ठेवली आणि कंबर धरून पायरीवर बसला. त्याला पाणी दिलं. काम सुबक आहे, त्यात शंका नाही.

भिंगरीला दाखवली. तिने एकदा बघितलं, हात लावला आणि ठोकळ्यांकडे वळली. मुलांचं असंच असतं, आपण जीव ओतून करतो आणि त्यांना भलतंच काही आवडतं. तुम्ही खट्टू होऊ नका. फळी माझ्याकडेच ठेवली आहे, लेकीच्या घरी जागा नाही आणि तिच्या टेबलावर चरे पडतील.

बाकी इकडे छान चाललंय. भिंगरीला हल्ली माझा फारच लळा लागलाय. सकाळी तिची आई चपला काढायच्या आत ती धावत माझ्या घरात शिरते, थेट आतल्या खोलीत. संध्याकाळी घरी न्यायला आले की दाराला धरून रडते. काल जावईबापूंनी अक्षरशः उचलून नेली. मला कसंतरीच झालं, पण काय करणार, आजीचं घर ते आजीचं घर.

तुम्ही आता दुसरं काही आणायच्या फंदात पडू नका. हात हलवत आलात तरी चालेल. दोन-तीन दिवसांत रडणं कमी होईल असं वाटतं. नाही झालं तरी मी आहेच जवळ, मी घेईन तिला.

तुमची विहीण


५ डिसेंबर

विहीणबाई,

तुमचं पत्र आलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं की बदलेल असं वाटलं होतं.

जाऊ दे. माझीच चूक. गिऱ्हाइकाला काय हवं ते न विचारता आपल्या दुकानात काय आहे ते गळ्यात मारायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे.

परत त्या खेळण्यांच्या दुकानात गेले होते. त्या पोरीने मला ओळखलं. "मॅडम, वय किती?" मी म्हटलं, "माझं का तिचं?" तिने खोक्यावरचे आकडे बघून एक ढोल वाजवणारं अस्वल काढलं. चावी दिली, अस्वलाने ढोल बडवला, शेजारच्या बाईच्या कडेवरचं पोर किंचाळलं. मी हात जोडले आणि बाहेर आले.

खरं सांगू? यायचं का नाही असं झालंय. तुम्ही जीव लावून लिहिलंय, की रडली तर मी घेईन. ते वाचून डोळ्यांसमोर आलंच सगळं. मी दारात उभी, ती तुमच्या खांद्यावर तोंड लपवून रडतेय, सूनबाई अवघडलीये, चिरंजीव म्हणताहेत झोप आली असेल. एवढा प्रवास करून, गुडघा हलवून, मुलीला आठ दिवस रडवायचं कशाला? पडद्यावर निदान फोन बंद करता येतो. घरात आलेल्या बाईला कुठे बंद करणार?

तिकीट अजून रद्द केलेलं नाही. वर्षअखेरीला दुकानात कामही फार असतं. बघू.

तुमची विहीण


११ डिसेंबर

विहीणबाई!

घाईत लिहितेय, अक्षराला हसू नका. आज सकाळी तुमच्या नातीने मला बाल्कनीत कोंडलं!

सांगते. मी ओले कपडे वाळत घालायला गेले, दार लोटलेलं. भिंगरी आत खेळत होती. मागून खट्ट असा आवाज आला. वळून बघते तर दार बंद. ते दार खालून फुगलंय आणि वाऱ्याने वाजतं, म्हणून मी गुडघ्याच्या उंचीवर एक आडवी कडी बसवून घेतली होती. ती हिने लावली! काचेतून बघते तर बाईसाहेब पलीकडे उभ्या, हात मागे बांधून, एखाद्या साहेबासारख्या.

मी गोड बोलले, "उघड गं राणी, आजीला आत घे." तिने उघडली. मी हुश्श करून पुढे सरकते तोवर खट्ट, पुन्हा लावली. आणि अशी हसली की काय सांगू, पोट धरून! पुन्हा उघडली, पुन्हा लावली. मी रागावले, तर तिने काचेला नाक लावून मला पापा दिला. मी खाली वाकून ओरडले, तर पहिल्या मजल्यावरचे शिकवणीवाले सर आले, पण मुख्य दार आतून बंद. ते जिन्यातून ओरडून मला सांगताहेत, "घाबरू नका, तिचं लक्ष विचलित करा!" कशाने करू? माझ्या हातात आमच्या जावईबापूंची, म्हणजे तुमच्या चिरंजीवांची, ओली पँट होती.

शेवटी एकदा तिने उघडली तशी मी पायच आत घातला. आत आले आणि जमिनीवर बसले. ती आली आणि परत दाराकडे बोट दाखवून म्हणते, "अजून?"

पंचवीस वर्षांत माझ्या पाळणाघरात असा प्रकार झाला नाही! दीड वर्षाच्या मुलीला हे शिकवलं तरी कोणी?

तुमची
(दमलेली) विहीण


१६ डिसेंबर

विहीणबाई,

आधी विचारते, तुम्हाला लागलं नाही ना? बरं. आता मला पोटभर हसून घेऊ द्या. वेल्डिंगवाल्याला वाचून दाखवलं, त्याने यंत्र बंद करून ऐकलं.

हसून झालं. आता ऐका. असली आडवी कडी, तुमच्या दाराची काय नि माझ्या फळीवरची काय, नुसती ढकलून सरकत नाही. आधी तिची मूठ खाचेतून वर उचलायची, उचलून धरायची आणि मग सरकवायची. लावताना तसंच, शेवटी मूठ खाली पाडायची. तो खट्ट आवाज मूठ पडल्याचा. माझ्या दुकानात चांगली मिशीवाली माणसं पहिल्यांदा ती जोर लावून ओढतात आणि म्हणतात, काकू, माल खराब आहे. दीड वर्षाच्या बोटांना हे सहज जमत नाही. रोज बसून, पुन्हा पुन्हा करून, हाताला वळण लागावं लागतं.

आणि तुम्ही लिहिलंत की तिने फळीकडे एकदा बघितलं आणि ठोकळ्यांकडे वळली.

सकाळी धावत येते, थेट आतल्या खोलीत. फळी कुठल्या खोलीत ठेवलीये, विहीणबाई?

मी भांडत नाहीये. भांडायचं असतं तर फोन केला असता. फक्त खरं सांगा, कारण मी आज तिकीट रद्द करायला निघाले होते. चपला पायात होत्या.

तुमची विहीण


१९ डिसेंबर

प्रिय विहीणबाई,

आतल्या खोलीत.

पहिल्या दिवशी दोन तास हलली नाही तिच्यासमोरून. जेवण भरवलं ते फळीसमोर. आता येते ती आल्या आल्या फळीशी बसते, मी पाणी प्यायला हाक मारली तर मान वर करत नाही. संध्याकाळी दाराला धरून रडते ती माझ्यासाठी नाही, फळी सोडून जायचं म्हणून. ठोकळे कपाटाखाली गेलेत, मी काढले नाहीत.

खोटं का लिहिलं ते सांगते. माझं पाळणाघर बंद झालं तेव्हा सगळे म्हणाले, आता आराम करा. मला आराम सोसत नाही हो. घर इतकं शांत झालं की मी फ्रिजचा आवाज ऐकत बसायचे. मग भिंगरी आली. माझ्या आयुष्यात हे एक मूल असं, ज्याला संध्याकाळी न्यायला आले तरी ते माझंच राहतं. आणि तुम्ही लांबून, न बघता, एक फळी पाठवलीत आणि पोरगी माझ्याकडे पाठ करून बसली. मी जळले. सरळच लिहिते, जळले. तुम्ही आलात की ती तुमच्यामागे धावेल आणि मी माझ्या घरात बसून राहीन, असं मनात आलं. म्हणून तुम्ही रिकाम्या हाताने या असं लिहिलं. तुमच्या पाच तारखेच्या पत्राने मला झोप लागली नव्हती, पण तेव्हाही कबूल करायचं धाडस झालं नाही. वर कोंडून पडले तरी शहाणपण आलं नाही!

तिकीट रद्द करू नका. हात जोडते.

एकच सांगायचं राहिलं. तुम्ही येताय त्याच दिवशी मी माझ्या बहिणीकडे निघतेय, पाच दिवसांसाठी. तिने नवीन घर घेतलंय, बरेच दिवस बोलावतेय. मुलांची कामं महिनाअखेरपर्यंत आहेत, नाताळलाही सुट्टी नाही, तेव्हा दिवसभर भिंगरी तुमच्याकडे राहील. फळी लेकीकडे पोचवली आहे. दुपारी झोपताना तिला कपाळावरून बोट फिरवलेलं लागतं, भुवयांच्या मधून वर. बहिणीचा पत्ता मागे लिहिला आहे.

तुमची विहीण


२७ डिसेंबर
भिंगरीच्या घरून

विहीणबाई,

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने कागद धरता येत नाहीये. कारण पुढे सांगते.

आधी भांडण. तुम्ही गेलात हे कळल्यावर मला वाटलं, रुसल्या. खरं बोलायला लावलं म्हणून बाई निघून गेल्या आणि हे रडणारं प्रकरण माझ्या गळ्यात टाकून गेल्या. स्टेशनपासून घरापर्यंत मी तुमच्यावर मनातल्या मनात इतकं बोलले की शेवटी रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, मला काही म्हणालात का?"

पहिला दिवस विचारू नका. मुलं कामावर गेली आणि तिने मला बघितलं. ओठ बाहेर, हनुवटी, सूर. मी घाईघाईने फळी पुढे केली. म्हटलं, आता बघा माझी कमाल! तिने सगळ्या कड्या फटाफट उघडल्या, लावल्या, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा रडायला लागली. हवी होती तिला फळी, पण फळीबरोबर तुम्हीही हव्या होतात. ती प्रत्येक खोलीत जाऊन दारामागे बघून आली. पडद्यामागे बघितलं. "आजी" म्हणत होती, आणि मी समोर उभी राहून म्हणत होते, "अगं, मी पण आजीच!" काही उपयोग नाही.

मग मी गायला लागले. तुम्ही माझं गाणं ऐकलेलं नाही, तुमचं नशीब. मांजराचा आवाज काढला, गाढवाचा काढला, आगीच्या बंबाचासुद्धा काढला. ती रडतेय म्हणून मी मोठ्याने, मी मोठ्याने म्हणून ती आणखी मोठ्याने. संध्याकाळी सूनबाई आली तेव्हा आम्ही दोघी दोन टोकांना बसलो होतो, दोघींची नाकं लाल. मी बाथरूममध्ये जाऊन थोडं रडले. परतीची गाडी कधी आहे तेही बघितलं.

काल सकाळी उठले तर घसा बसलेला. पार. "चहा" म्हणायला गेले, तर नुसती हवा. चिरंजीव म्हणाले, "आई, एवढी शांतता मी या जन्मात ऐकली नव्हती." मुलं गेली. मी ठरवलं, आता हिला रिझवायचं नाही. रडू दे बापडीला, मला बोलताच येत नाही तर मी काय करणार? त्यांच्या न्हाणीघराचं दार कुरकुरत होतं, मी बिजागरीला तेल घालायला जमिनीवर बसले. ती लांब उभी राहून बघत होती. मी तिला म्हटलं, "तेल घालतेय गं." आवाज कुठला, नुसतं फुसफुस.

ती गप्प झाली. डोकं कलतं करून बघायला लागली. मी परत फुसफुसले. तर ती दोन पावलं पुढे आली. ऐकूच येईना ना तिला! जवळ येऊन तिने माझ्या ओठांवर हात ठेवला, आत काही आहे का ते बघायला. मी फुसफुस केलं, हाताला वारा लागला, तिने हात मागे घेतला आणि हसली. मग तीही फुसफुसायला लागली. काय म्हणत होती देव जाणे, पण बरंच काही सांगत होती. मीही सांगितलं. दुपारपर्यंत आम्ही दोघी त्या दारापाशी बसून एकमेकींशी फुसफुसत होतो.

आणि मग, विहीणबाई, ती पाठमोरी झाली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. दोन पावलं उलटी आली आणि धपकन माझ्या मांडीत बसली, आपल्या रोजच्या खुर्चीवर बसावं तशी. खाली कोणीतरी असणारच, याची पक्की खात्री असल्यासारखी. माझा गुडघा कळवळला. मी हूं की चूं केलं नाही.

तेव्हा मला कळलं तुम्ही बहिणीकडे का गेलात. तुम्ही घरात असतात तर तिने दारामागे शोधायचं कारणच नव्हतं, ती तुमच्याकडेच पळाली असती, मी आठ दिवस कोपऱ्यात बसले असते आणि परत गेले असते. तुम्हाला ते माहीत होतं. आणि तिला सोडून पाच दिवस जाताना तुम्हाला काय झालं असेल, ते मला आज कळतंय. कारण आत्ता ती माझ्या मांडीवर झोपलीये, तुम्ही सांगितलंत तसं कपाळावरून बोट फिरवल्यावर झोपली. डावा हात तिच्या डोक्याखाली आहे. पायाला मुंग्या आल्यात आणि मी हलत नाहीये.

आता पुरे झालं तुमचं बहिणीचं नवीन घर. पाच दिवस नकोत, उद्याच निघा; पत्र वेळेत पोचावं म्हणून सूनबाईला याचा फोटो काढून पाठवायला सांगते. झोपेतून उठल्यावर ती अजूनही आधी दारामागे बघते, मग माझ्याकडे येते. तुम्ही आलात की ती मला टाकून तुमच्याकडे धावेल, हे मला माहीत आहे. तेव्हा मला वाईट वाटेल का, याचा विचार करून बघितला. वाटेल. थोडं वाटेलच.

तरी या.

तुमची विहीण